काठावरचे पंच : जहाजनिरीक्षणाच्या छंदाचा आढावा

आगगाडीच्या एंजिनांचे क्रमांक टिपून ठेवणारे, विमानतळाच्या कुंपणाशी तासन्‌तास उभे राहणारे, आणि नदीमुखावर, कालव्याच्या दारांशी किंवा सामुद्रधुनीच्या काठी बसून येणाऱ्याजाणाऱ्या मालवाहू जहाजांची नावे, बांधणी व छायाचित्रे जमविणारे, असे तीन प्रकारचे छांदिष्ट विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत उदयास आले. पहिल्या दोहोंची आपल्याकडे थोडीफार ओळख आहे. तिसरा वर्ग मात्र, एवढा मोठा किनारा आणि मुंबईसारखे बंदर हाताशी असूनही, आपल्याला परकाच राहिला. या छंदात पाहण्यासारखे ते काय, असा प्रश्न ज्याला पडेल त्याला दोष देता येणार नाही. कारण मालवाहू जहाज उतारूंच्या जहाजासारखे नटलेले नसते, लढाऊ जहाजाभोवती असते तसले पराक्रमाचे वलय त्याला नसते, आणि ज्या वेगाने ते क्षितिजावरून सरकते तो पाहता अधीर माणसाने त्याच्या वाटेला न जाणेच बरे. तथापि गेल्या वीस-बावीस वर्षांत या निरुपद्रवी करमणुकीविषयी गंभीर स्वरूपाचे वाद उपस्थित झाले आहेत. जहाजाची ओळख यंत्रानेच पटत असताना डोळ्यांनी पाहण्याचे प्रयोजन उरले काय, बंदरांच्या सुरक्षिततेला या छंदाने बाध येतो काय, आणि अर्धशतकभर खपून जमविलेली छायाचित्रे अखेर कोणाच्या मालकीची व कोणाच्या उपयोगाची, हे त्यांतील प्रमुख होत. त्यांची सद्यःस्थिती येथे क्रमाने पाहावयाची आहे.

पूर्वपीठिका

काठावरून जहाज ओळखण्याचे काम मुळात पोटापाण्याचे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरविणारे सावकार जमत, व कोणते जहाज कोठे पोहोचले, कोणाचा पत्ता नाही, याच्या बातम्यांवर लाखोंचे व्यवहार ठरत. त्या बातम्यांचे पत्रक ‘लॉइड्स लिस्ट’ या नावाने १७३४ साली छापले जाऊ लागले, आणि जहाजांची प्रतवारी सांगणारी नोंदवही, म्हणजे ‘लॉइड्स रजिस्टर’, १७६४ साली निघाली. पुढे समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर निशाणांच्या खुणा वाचणारी ठाणी बसविण्यात आली. जाणारे जहाज निशाणे चढवून आपले नाव सांगे आणि ठाण्यावरचा माणूस ते तारेने लंडनला कळवी. दुर्बीण, वही आणि अमाप सबुरी, ही छांदिष्टाची तिन्ही साधने प्रथम या पगारी टेहळ्याच्या हाती होती.

हौसेखातर हेच काम करणारा मनुष्य दिसू लागतो तो दोन महायुद्धांच्या दरम्यान. त्या काळी ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलातील एक अधिकारी, ई. सी. टॅलबट-बूथ, यांनी व्यापारी जहाजे दुरून ओळखण्याची एक पद्धत बसविली, ती मोठी कल्पक होती. जहाजाची नाळ कोणती हे एकदा ठरले की तेथून पिछाडीकडे पाहत जावयाचे आणि जे जे उभे दिसेल त्याचे एकेक रोमन अक्षर लिहावयाचे : डोलकाठीला एम, मालाच्या यारीचे आखूड खांब असतील तर के, धुराड्याला एफ. अशा रीतीने ‘एम-के-एफ-एम’ यासारखी चार-पाच अक्षरांची एक ओळ तयार होई आणि ती पुस्तकात शोधली असता त्या बांधणीच्या जहाजांची यादी हाती येई. नाव वाचता येण्यापूर्वीच, नुसत्या बाह्याकृतीवरून जहाजाचे कुल सांगण्याची ही विद्या होय. दुसऱ्या महायुद्धात टेहळणीवर बसणाऱ्यांना अशाच प्रकारच्या खुणा शिकविण्यात येत असत. म्हणजे छंद आणि हेरगिरी यांचा शेजार पहिल्यापासूनचाच आहे, आणि पुढे ज्या वादाचा विचार करावयाचा आहे त्याचे बीज येथे पडलेले दिसते.

युद्ध संपल्यावर या हौसेला संघटित रूप आले. १९४६ साली ब्रिटनमध्ये ‘वर्ल्ड शिप सोसायटी’ स्थापन झाली. कोणते जहाज विकले गेले, कोणाचे नाव बदलले, कोणते मोडीत निघाले याची बारीक नोंद ठेवणारे ‘मरीन न्यूज’ हे तिचे नियतकालिक त्या छंदाचे गॅझेटच बनले. इयन ॲलन या प्रकाशकाने १९४२ पासून एंजिनांच्या क्रमांकांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका काढल्या होत्या, त्यांच्या पाठोपाठ जहाजांच्याही काढल्या. टेम्सच्या काठी ग्रेव्हसेंड येथे, जाणाऱ्या जहाजांची छायाचित्रे काढून ती छांदिष्टांना विकणे हाच व्यवसाय करणारे छायाचित्रकारही निघाले.

जर्मनांनी या गोष्टीला समारंभाचे रूप दिले. हँबुर्गच्या खालच्या अंगास, एल्ब नदीवर वेडेल गावाच्या शुलाऊ धक्क्यापाशी १९५२ सालापासून ‘विलकोम-ह्योफ्ट’ नावाचे स्वागतस्थान आहे. तेथून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला निशाण लववून मानवंदना देतात, त्या जहाजाच्या देशाचे राष्ट्रगीत ध्वनिक्षेपकावरून वाजवितात, आणि उपाहारगृहात बसलेल्या मंडळींना जहाजाचे नाव, लांबी, वजन, बांधणीचे साल असा सर्व तपशील वाचून दाखवितात. अमेरिकेत महासरोवरांच्या काठी हीच हौस अधिक घरगुती आहे. सुपीरियर सरोवराच्या टोकाला डुलुथ येथे लोहखनिज नेणारी लांबलचक जहाजे एका अरुंद कालव्यातून, वर उचलल्या जाणाऱ्या पुलाखालून आत येतात. त्या वेळी काठावर उभ्या असलेल्या माणसांपासून ती इतक्या जवळून जातात की सुकाण्याच्या खोलीतील माणसाचा चेहरा ओळखावा. जहाज तीन लांब व दोन आखूड असा भोंगा वाजविते आणि पूल त्याच भाषेत उत्तर देतो. ‘नो युवर शिप्स’ ही त्या सरोवरांवरील जहाजांची वार्षिक मार्गदर्शिका १९५९ पासून निघते आणि कुटुंबेच्या कुटुंबे ती हाती घेऊन काठावर येतात.

या छंदाच्या इतिहासात सर्वांत मोठी उलथापालथ घडविली ती पेटाऱ्यांनी, म्हणजे कंटेनरांनी. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा आपल्यामुळे जहाज पाहणाऱ्यांचे दिवस फिरणार आहेत याची ते धाडणारे वाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यापूर्वीचे मालवाहू जहाज गोदीत आठवडा-आठवडा पडून राही, यारीने एकेक गोणी, एकेक पेटी उतरे, आणि शहराच्या मध्यावरच्या धक्क्यावरून ते सावकाश पाहता येई. कंटेनरचे जहाज काही तासांत मोकळे होऊन निघून जाते, आणि त्याला जी खोल पाण्याची व विस्तीर्ण पटांगणाची गरज असते ती शहरापासून दूरच भागते. लंडनच्या रॉयल गोद्या १९८१ साली बंद झाल्या. मुंबईत १८८० साली बांधलेली प्रिन्सेस गोदी, तिच्यानंतरची व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ ची अलेक्झांड्रा गोदी यांचे वैभव ओसरून व्यापाराचा ओघ १९८९ पासून खाडीपलीकडे न्हावाशेव्याला वळला. जहाजे संख्येने व आकाराने वाढली, पण माणसांच्या नजरेआड गेली.

नोंद आणि चित्र

छांदिष्टांमधील आपसातला जुना मतभेद पाहावयाचे कशासाठी, याविषयी आहे. एक पक्ष नोंदीचा. या पक्षाच्या मते जहाजाचे चांगले छायाचित्र ते, ज्यात नाळेपासून पिछाडीपर्यंत संपूर्ण अंग स्वच्छ उन्हात, मध्ये दुसरी कशाचीही आडकाठी न येता दिसते, आणि ज्याच्यासोबत नाव, जागा व तारीख न चुकता लिहिलेली असते. दुसरा पक्ष चित्राचा. त्याला धुक्यातून अर्धवट उगवणारे नाळेचे टोक, मावळत्या प्रकाशात पेटलेल्या कंटेनरांच्या रांगा, पुलाच्या कमानीत क्षणभर बसलेले धुराडे हवे असते, आणि जहाजाचे नाव वाचता आले नाही तरी त्याचे काही अडत नाही. पहिल्याला दुसरा छचोर वाटतो, दुसऱ्याला पहिला कारकून. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र नोंदवाल्यांच्या छायाचित्रांत जी एकसुरी शिस्त दिसते तिचे कारण अरसिकपणात शोधणे अन्यायाचे होईल. तीस वर्षांनी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून एकाच जहाजात झालेला फरक पाहावयाचा तर दोन्ही एकाच कोनातून काढलेली असली पाहिजेत, हे त्या शिस्तीमागचे साधे कारण आहे.

हा फरक पाहण्यात केवढी गोडी आहे ते जवळून पाहिल्यावाचून कळत नाही. व्यापारी जहाज आपल्या पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यात चार-पाच मालक, तितकीच नावे आणि दोन-तीन निशाणे सहज बदलते. पिछाडीवर नावाखाली मन्‌रोव्हिया, पनामा किंवा मजूरो असे नोंदणीच्या बंदराचे नाव असते, आणि त्या बंदराचे तोंडही त्या जहाजाने पाहिलेले नसण्याचा संभव अधिक. पण लोखंडी पत्र्यावर अक्षरे वितळजोड करून उठविलेली असतात. नवा मालक त्यांवर रंग फासून नवे नाव लिहितो, आणि तिरपे ऊन पडले की रंगाखालून जुने नाव उमटून येते. भंगारासाठी अलंगच्या किनाऱ्याकडे निघालेल्या जहाजाला पुष्कळदा नवे नाव लिहिण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. जुन्या नावातली काही अक्षरे पुसून उरलेल्यांवरच शेवटची सफर भागवितात, आणि निशाण कोमोरो किंवा पलाऊ यांसारख्या एखाद्या चिमुकल्या देशाचे चढते. अनुभवी निरीक्षक असले अर्धवट नाव पाहून मूळ नाव सांगतो.

या नामांतरांच्या घोळात रुजुवात करण्याचे एकमेव खात्रीचे साधन म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक. तो १९८७ साली सुरू झाला, १९९६ पासून सक्तीचा झाला, आणि २००४ पासून लागू झालेल्या नियमान्वये तो जहाजाच्या अंगावर बाहेरून दिसेल असा कोरावा लागतो. नाव बदलो, मालक बदलो, हा क्रमांक जन्मापासून मोडीपर्यंत तोच राहतो. त्याच्या अंगीच त्याची परीक्षा असते : उदाहरणार्थ ९०७४७२९ हा क्रमांक घ्यावा, पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ व २ यांनी गुणून बेरीज करावी, ती १३९ भरते, आणि तिचा शेवटचा अंक ९ हाच क्रमांकाचा सातवा अंक असतो. दुर्बिणीतून एखादा अंक चुकीचा वाचला तर हिशेब बहुधा जुळत नाही आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते. नोंदवाल्या पक्षाला या गणितात जे सुख मिळते त्याची चित्रवाल्यांना अजून कल्पना आलेली दिसत नाही.

जुन्या आणि नव्या जहाजांच्या रूपाविषयीचा वाद मी थोडक्यात आटोपतो. १९६० पूर्वीच्या जहाजांची घडण सुबक होती आणि हल्लीचे कंटेनरचे जहाज म्हणजे तरंगती चाळ, असे वडीलधारे छांदिष्ट म्हणतात. तरुणांना चारशे मीटर लांबीच्या आकारातच भव्यतेचा प्रत्यय येतो. रुचीच्या या प्रश्नाला निकाल नाही, आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही.

यंत्राची जबानी

खरा पेच उत्पन्न झाला तो स्वयंचलित ओळखयंत्रणेमुळे. आंतरराष्ट्रीय प्रवासावरील ३०० टन व त्याहून अधिक नोंदणीच्या जहाजांवर आणि सर्व उतारू जहाजांवर ती २००४ च्या अखेरपर्यंत बसविणे सक्तीचे झाले. टक्कर टाळणे हा तिचा मूळ हेतू. चालते जहाज दर काही सेकंदांना आपले नाव, क्रमांक, स्थान, वेग व दिशा बिनतारी लहरींवरून जाहीर करीत असते, आणि साधे ग्राहकयंत्र घरच्या गच्चीवर बसविले की या लहरी कोणालाही ऐकता येतात. एजियन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मरीनट्रॅफिक’ या उपक्रमाने २००७ पासून असे स्वयंसेवकांचे संदेश एकत्र करून जगाच्या नकाशावर मांडले, आणि कोणते जहाज किती वाजता कोणत्या वळणावर येणार हे घरबसल्या दिसू लागले.

यावर तीन मते आहेत. पहिले असे की छंदाचा प्राणच गेला. धुरकट क्षितिजावर ठिपका दिसावा, डोलकाठ्या मोजाव्यात, अंदाज बांधावा, तो फिरवावा आणि अखेर नाव वाचता यावे, या क्रमातला आनंद आयत्या उत्तराने नाहीसा होतो. दुसरे मत व्यवहारी माणसाचे आहे : ज्याला आठवड्यातून एक रविवार मोकळा आणि बंदर दोन तासांच्या अंतरावर, त्याने नशिबाच्या भरवशावर काठावर बसून राहावे असे म्हणणे हे फुरसत असलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले, यंत्रणेमुळे हा छंद नोकरदारांच्या, वृद्धांच्या आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांच्या आटोक्यात आला, आणि संख्येने तो आज वाढला आहे. तिसरे मत अलीकडचे असून माझ्या समजुतीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ते असे की, यंत्रणेने काठावरच्या माणसाची गरज संपविली नाही, उलट वाढविली.

याचा खुलासा असा. यंत्रणेवरून जे कळते ती जहाजाने स्वतः दिलेली जबानी असते. स्थान व वेग यंत्र आपोआप भरते, परंतु गंतव्य बंदर आणि जहाज किती पाण्यात बुडाले आहे हा आकडा जहाजावरचा अधिकारी हाताने टंकतो. वीस अक्षरांच्या त्या रकान्यात जुन्या सफरीचेच बंदर दिवसेंदिवस राहून गेलेले आढळते. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर, २०२४ च्या आरंभी, ते टळावेत म्हणून कित्येक जहाजांनी त्या रकान्यात बंदराच्या नावाऐवजी ‘सर्व खलाशी चिनी आहेत’ अशा अर्थाचा मजकूर भरला होता. निर्बंध चुकविणारी तेलवाहू जहाजे यंत्रणा बंद ठेवतात, आणि काही तर खोटे स्थान प्रक्षेपित करून आपण भलतीकडेच असल्याचे भासवितात. काठावरून घेतलेले छायाचित्र हा याउलट पंचनामा होय : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक क्रमांकाचे जहाज तिऱ्हाईताने पाहिले, त्याच्या नाळेवरील बुडीच्या आकड्यांपैकी इतके पाण्याखाली होते, तख्तावर अमुक माल होता. लादलेले जहाज खोल बसते. रिकाम्याच्या नाळेखालचा फुगवटा आणि कधी कधी पंख्याचे पातेही उघडे पडते. हा भेद जबानीत लपविता येतो, छायाचित्रात येत नाही.

बॉस्फोरसच्या काठी हे प्रत्यक्ष घडले आहे. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे नेणाऱ्या मार्गावरची ही सामुद्रधुनी सुमारे ३१ किलोमीटर लांब, अत्यंत अरुंद जागी सुमारे ७०० मीटर रुंद, आणि इस्तंबूलसारख्या महानगराच्या मधोमध आहे. १९३६ च्या माँत्रो करारान्वये शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना तेथून मुक्त संचार आहे. तेथील घरांच्या सज्जांतून जहाजे पाहणे ही नित्याची गोष्ट असून तिला भयाची किनारही आहे, कारण १९७९ च्या नोव्हेंबरात ‘इंडिपेंडेंटा’ हे रुमानियाचे तेलवाहू जहाज सामुद्रधुनीच्या दक्षिण तोंडाशी टक्कर होऊन पेटले, तेव्हा त्यावरचे बहुतेक सारे लोक दगावले होते. सिरियातील यादवीच्या काळात इस्तंबूलच्या छांदिष्टांनी काळ्या समुद्रातून दक्षिणेकडे जाणाऱ्या रशियन जहाजांची छायाचित्रे रोजच्या रोज प्रसिद्ध केली, आणि कोणते जहाज भरलेले गेले व कोणते हलके परतले यांवरून जगभरच्या वार्ताहरांनी व अभ्यासकांनी अनुमाने काढली. युक्रेनवरील आक्रमणानंतर, १ ऑगस्ट २०२२ रोजी ‘रझोनी’ हे मक्याने भरलेले जहाज ओडेसाहून निघाले आणि तपासणीसाठी इस्तंबूलला आले, तेव्हाही त्याची वाट पाहणाऱ्यांत वार्ताहरांच्या जोडीला हे छांदिष्ट होते.

पंचनाम्यालाही मर्यादा आहेत हे नमूद केले पाहिजे. बंद फळ्यांखाली काय आहे ते छायाचित्र सांगत नाही. एक जहाज दुसऱ्याचे नाव-क्रमांक रंगवून फिरत असेल तर साधा निरीक्षक फसतो. आणि अनुमान काढण्याची घाई झालेल्या माणसाला हलके जहाजही जड दिसते. शिवाय छंदाला पुराव्याचे काम सोपविले की छांदिष्ट पक्षकार ठरण्याचा धोका आहे, अशी तक्रार खुद्द छांदिष्टांतूनच ऐकू येते.

कायद्याची बाजू

दोन उलट प्रवाह एकाच वेळी वाहत आहेत. एकीकडे अधिकाऱ्यांनीच निरीक्षकांना जागा करून दिल्याची उदाहरणे आहेत : वेडेलचे स्वागतस्थान वर आलेच, डुलुथला अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाचे संग्रहालय कालव्याच्या काठावर असून तेथे येणाऱ्या जहाजांच्या वेळा लोकांसाठी लावलेल्या असतात, रॉटरडॅमच्या बंदरप्रशासनाने समुद्रात भर घालून वाढविलेल्या भागात २००९ साली खास माहितीकेंद्र उभारले. दुसरीकडे, २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर तयार झालेली बंदर व जहाज सुरक्षासंहिता १ जुलै २००४ पासून अमलात आली आणि ज्या धक्क्यांवर पूर्वी द्वारपालाला नमस्कार करून आत जाता येई तेथे कुंपणे उठली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने ओळखयंत्रणेची माहिती सर्वांसाठी प्रसिद्ध करणे जहाजांच्या सुरक्षिततेस घातक ठरू शकते असे मत नोंदविले. तीन वर्षांच्या आत ती माहिती जगभर उघड झाली, आणि आज खुद्द बंदरेही तीच वापरतात. समितीचे मत मात्र दफ्तरात कायम आहे.

विमाने पाहणाऱ्यांवर गुदरलेला प्रसंग या संदर्भात हमखास सांगितला जातो. २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमधील कलामाता येथे बारा ब्रिटिश व दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, पुढील एप्रिलात त्यांना शिक्षा झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपिलात ते निर्दोष सुटले. क्रमांक टिपून ठेवण्यात कोणाला सुख कसे वाटू शकते, हेच तेथील अधिकाऱ्यांना पटत नव्हते.

आपल्या देशात १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आणि त्यातील ‘निषिद्ध स्थान’ ही व्यापक संज्ञा यांची छाया या विषयावर आहे. गोदीच्या हद्दीत परवान्याशिवाय कॅमेरा चालत नाही, आणि जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याभोवतीचा कडक बंदोबस्त समजण्यासारखा आहे. पण गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचमधून नांगरलेली जहाजे रोज हजारो लोक पाहतात व त्यांची छायाचित्रे काढतात. घारापुरीवरून न्हावाशेव्याच्या याऱ्या स्पष्ट दिसतात. फोर्ट कोचीला तर चिनी जाळ्यांपाशी उभे राहिले असता जहाज हाकेच्या अंतरावरून बंदरात शिरते. जे उघड्या डोळ्यांना सार्वजनिक जागेवरून दिसते त्याच्या छायाचित्राला हरकत कोणत्या आधारावर, हा छांदिष्टांचा सवाल आहे. प्रशासनाची बाजू अशी की एक छायाचित्र निरुपद्रवी असले तरी रोजच्या रोज काढलेल्या शेकडो छायाचित्रांतून पहाऱ्याच्या वेळा, कुंपणाच्या फटी आणि नौदलाच्या हालचाली यांचा आराखडा हाती येतो. मुंबईला तर व्यापारी बंदर आणि नौदलाची गोदी शेजारी-शेजारी आहेत. ही बाजू लटकी नाही. तथापि कोठे मनाई आहे आणि कोठे नाही याचा स्पष्ट नकाशा जोवर जाहीर होत नाही, तोवर निर्णय धक्क्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर राहणार, आणि मर्जीवर चालणारा छंद बाळसे धरीत नाही. ड्रोनमुळे हा प्रश्न आणखी बिकट झाला आहे. त्याचा विचार येथे करीत नाही.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्याकडे लोकांना जहाजांविषयी कुतूहल नाही असे म्हणणे खरे नाही, पण ते कुतूहल जहाज अडकल्यावर जागे होते. २०११ च्या पावसाळ्यात ‘विज्डम’ आणि ‘पवित’ ही जहाजे एकापाठोपाठ जुहूच्या वाळूत रुतली तेव्हा किनाऱ्याला जत्रेचे रूप आले. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली रुतलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ तर दहा-बारा वर्षे तेथेच राहून पर्यटकांच्या छायाचित्रांचा स्थायी विषय झाली होती. चालत्या जहाजाच्या वाट्याला यातला शतांश गौरव येत नाही.

दफ्तराचा वारसा

छांदिष्टाच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहाचे काय, हा प्रश्न सध्या सर्वांत निकडीचा झाला आहे, कारण युद्धोत्तर काळात हाती कॅमेरा घेतलेली पिढी आता मावळली. वारसांना त्या खोक्यांचा उपयोग नसतो. संग्रहालयांना जागा नसते. काही संग्रह लिलावात फुटतात, काही रद्दीत जातात. ‘वर्ल्ड शिप सोसायटी’सारख्या संस्था निगेटिव्ह स्वीकारून जतन करतात, पण त्यांच्या कामाला स्वयंसेवकांच्या बळाची सीमा आहे. कोडाक्रोमच्या पारदर्शिकांचे रंग अर्धशतकानंतरही टिकले, इतर कित्येक फिल्मांचे तांबूस पडले. त्यामुळे कोणाचा संग्रह वाचणार हे पुष्कळदा त्याने कोणती फिल्म विकत घेतली होती यावर ठरते.

नव्या संग्रहांची अडचण वेगळी आहे. ते खोक्यात नसून लाखोंच्या संख्येने सर्वांसमोर आहेत, आणि म्हणूनच परस्पर उचलले जातात. २०१६ साली तुर्की संशोधकांनी छांदिष्टांच्या अशा एका सामायिक संग्रहातील सुमारे वीस लाख छायाचित्रे वापरून जहाजांचे प्रकार यंत्राला ओळखावयास शिकविण्याचा संच सिद्ध केला. यात ज्ञानाची सेवा झाली असे एक पक्ष मानतो. ज्यांनी थंडी-वाऱ्यात उभे राहून ती छायाचित्रे काढली त्यांची संमती, श्रेय आणि हक्क यांचे काय, असे दुसरा पक्ष विचारतो. त्याच छायाचित्रांचा उपयोग जहाजे मोडण्याच्या धंद्यातील अनाचार उघडकीस आणणाऱ्यांनाही होतो, कारण अमुक जहाज शेवटी कोणाच्या निशाणाखाली किनाऱ्यावर चढविले हे त्यांवरून सिद्ध करता येते. जहाजे सुरक्षितपणे मोडण्याविषयीचा २००९ चा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून अमलात आल्यावर अशा पुराव्याची मागणी वाढण्याचा संभव आहे.

आपल्यापुरते पाहावयाचे तर कोकणच्या उतारू आगबोटींची जी जुनी छायाचित्रे माझ्या पाहण्यात आली, त्यांतील बहुतेकांच्या पाठीवर काही लिहिलेले नाही : आगबोट कोणती, बंदर दाभोळ की जयगड की वेंगुर्ले, साल कोणते, सर्व अंदाजावर. १९४७ च्या जुलैत बुडालेल्या ‘रामदास’ या आगबोटीचे म्हणून जे चित्र छापले जाते ते तिचेच कशावरून, असे कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. इंग्रज छांदिष्ट छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवीत. आताच्या कॅमेऱ्यात तारीख व पुष्कळदा स्थानही आपोआप नोंदले जाते, परंतु छायाचित्रे प्रसृत करणाऱ्या अनेक सेवा ती नोंद पुसून टाकतात. म्हणून ती माहिती चित्राच्या कडेलाच छापून ठेवावी असे नोंदवाले म्हणतात, तसे केल्याने चित्र नासते असे चित्रवाले म्हणतात, आणि यावर दोन्ही पक्षांत अद्याप एकवाक्यता झालेली नाही.